रिकार्डो इंदापुरात, खुला बाजार कोऱ्हाळ्यात

मराठी विभागांच्या चर्चासत्रांत 'खुली अर्थव्यवस्था' हा शब्द आला की त्याच्या पाठोपाठ १९९१ हे साल येते. जागतिकीकरणोत्तर कविता, जागतिकीकरणोत्तर कादंबरी, जागतिकीकरणोत्तर ग्रामीण जाणीव अशी सारी कालविभागणी त्या सालाला टांगलेली असते. आम्ही स्वतः वर्गात अनेक वर्षे असेच शिकवत आलो आहोत आणि साहित्याच्या कालखंडापुरती ती सोय वाईटही नाही. मात्र नीरा नदीच्या डाव्या काठावरच्या गावांत उभे राहून पाहिले, तर ही कालगणना फारच अलीकडची वाटते. मुक्त व्यापार, सरकारी खर्चाला कात्री, कराराचे स्वातंत्र्य, किमतीत हस्तक्षेप करावा की करू नये, हे वाद या पट्ट्यात १८२८ पासून चालू आहेत. आणि ते पुस्तकात नव्हे, तर शेताच्या बांधावर, प्रत्यक्ष माणसांवर प्रयोग करून चाललेले आहेत.

या लेखात आम्ही कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव पाहणीचे ठिकाण म्हणून घेतले आहे. नीरा-बारामती रस्त्यावरचे, वडगाव निंबाळकरच्या शेजारचे, कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारे हे गाव. नावातला 'बुद्रुक' हा फारसी 'बुजुर्ग'चा अपभ्रंश. त्याचा धाकटा जोडीदार 'खुर्द'. म्हणजे गावाच्या नावातच एका जुन्या महसुली कारभाराची खूण आहे. हे गाव निवडण्याचे कारण ते असामान्य आहे असे नाही. ते सर्वसामान्य बागायती गाव आहे आणि सर्वसामान्य गावावरच आर्थिक सिद्धांताची खरी परीक्षा होते. (बारामती म्हटले की वाचकांच्या मनात एकच आडनाव येते. ते येथे मुद्दाम बाजूला ठेवले आहे. ते आले की बाकी सारे मागे पडते.)

पहिला प्रयोग इंदापूरचा. पेशवाई १८१८ मध्ये गेली आणि नव्या राज्यकर्त्यांपुढे जमीन महसूल किती घ्यावा हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्याचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे आले. प्रिंगल हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला. तेथे अर्थशास्त्र शिकवायला साक्षात माल्थस होता. रिकार्डोचा ग्रंथ १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेला होता आणि त्यातील खंडाचा सिद्धांत या पिढीच्या डोक्यात ताजा होता. सिद्धांत थोडक्यात असा: सगळ्यांत हलक्या जमिनीवर खर्च जेमतेम भरून निघतो, त्याहून चांगल्या जमिनीवर जे वर उरते तो खंड. तो शेतकऱ्याच्या श्रमाचा मोबदला नव्हे आणि भांडवलाचा नफाही नव्हे. ती निव्वळ जमिनीच्या सुपीकतेची देणगी. म्हणून सरकारने तेवढाच भाग घेतला तर मजुरी कमी होत नाही, नफा बुडत नाही, बाजारभावही हलत नाही. करांच्या इतिहासात इतका निरुपद्रवी कर दुसरा नाही, असे या सिद्धांताचे म्हणणे.

प्रिंगलने पुणे जिल्ह्यात १८२८ ते १८३० या काळात हा सिद्धांत जमिनीवर उतरवला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून मशागतीचा सगळा खर्च वजा करायचा, आणि राहिलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर हे हिशेब अत्यंत सुबक होते. अडचण एवढीच होती, की बैलाचा चारा, घरच्या माणसांची मेहनत, बलुतेदारांचा वाटा, पाऊस न पडलेली दोन वर्षे यांची वजाबाकी करायची कशी, हे रिकार्डोने सांगितलेले नव्हते. मोजणी करणारे कारकून तर सिद्धांताशी अजिबातच बांधलेले नव्हते. ते हाती पडेल त्याच्याशी बांधलेले होते. मोजणी चुकली, प्रतवारी चुकली, त्यात धान्याचे भाव उतरले. इंदापूरसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात आकारणी डोईजड झाली, जमिनी पडीक पडल्या, लोक गावे सोडून गेले आणि सूट देण्यावाचून सरकारला गत्यंतर उरले नाही.

मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे आले. त्यांची नवी मोजणी १८३५-३६ च्या सुमारास याच इंदापूर तालुक्यात सुरू झाली आणि पुढे जी 'मुंबई पद्धत' म्हणून साऱ्या इलाख्यात पसरली, तिचा उगम येथलाच. त्यांनी केले काय? निव्वळ उत्पन्नाचा हिशेब त्यांनी गुपचूप बाजूला ठेवला. मातीचा रंग, खोली आणि चिकणपणा पाहून प्रतवारी केली. त्या भागातून आजवर किती वसूल झाले आणि लोकांना किती झेपले ते पाहिले. आणि त्यावरून अंदाजाने दर बसवून तो तीस वर्षांसाठी पक्का केला. सिद्धांताची भाषा कायम राहिली, कारभार मात्र तारतम्याने चालला. या प्रकरणात आम्हाला सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती ही गोष्ट: दर कमी झाला, तीस वर्षांची हमी मिळाली, आणि पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. आजच्या मुक्त अर्थव्यवस्थेचा पुरस्कर्ता यात आपल्या मताचा पुरावा पाहील आणि त्यात त्याचे फारसे चुकणार नाही. मात्र आधी बिघडवले तेही त्याच परंपरेतल्या पोथीने, हे त्याने विसरू नये.

याच सुमारास अर्थशास्त्र मराठीत येत होते. त्याचे नावसुद्धा अजून ठरलेले नव्हते. लोकहितवादींनी १८४९ मध्ये त्याला 'लक्ष्मीज्ञान' म्हटले. १८५४ मध्ये हरि केशवजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या पुस्तकात ते 'देशव्यवहारव्यवस्था' झाले. १८५५ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अर्थशास्त्रपरिभाषा' लिहिली. सहा वर्षांत तीन नावे. ही नुसती शब्दांची निवड नाही. 'लक्ष्मीज्ञाना'त घरातल्या संपत्तीची, उद्योगाची आणि काटकसरीची छटा आहे. 'देशव्यवहारा'त राष्ट्राच्या कारभाराची. आणि 'अर्थशास्त्र' या शब्दाने त्याला संस्कृत परंपरेतील शास्त्राचा मान दिला. शेवटी तिसरे नाव टिकले. भाषांतरित ग्रंथांतून मराठी वाचकाला मुक्त व्यापाराची तत्त्वे समजत होती, तेव्हा इंदापूरच्या शेतकऱ्याने त्यांतील एका तत्त्वाचा अनुभव केव्हाच घेतलेला होता. विद्यापीठीय अभ्यासक्रमात या ग्रंथांना आपण 'अव्वल इंग्रजीतील भाषांतरे' म्हणून एका ओळीत गुंडाळतो. ते योग्य नव्हे. त्यांतील परिभाषा हा मराठी वैचारिक गद्याचा पाया आहे.

विंगेटची तीस वर्षे इंदापुरात १८६६-६७ च्या सुमारास संपली. दरम्यान अमेरिकेत यादवी युद्ध झाले (१८६१-६५), लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि दख्खनच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सावकारांनी हात सैल सोडले. जमिनीवर कर्ज मिळू लागले, कारण जमीन आता विकता येणारी, गहाण टाकता येणारी, न्यायालयात जप्त करता येणारी वस्तू झाली होती. युद्ध संपले, भाव कोसळले. नेमक्या त्याच वेळी महसुलाची फेरआकारणी झाली आणि ती कापसाच्या तेजीतले भाव डोळ्यांपुढे ठेवून झाली. इंदापूरनंतर भीमथडी तालुक्याची पाळी आली. आजच्या बारामतीचा बराच भाग तेव्हा त्यात मोडत असे. आकारणीत मोठी वाढ झाली आणि सरकारी हप्ता भरण्यासाठी माणूस सावकाराच्या ओट्यावर गेला.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, जमावाने सावकारांची दुकाने आणि घरे फोडली. सुपे हे आजच्या बारामती तालुक्यातले गाव. येथून दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. त्याआधी, १८७४ च्या अखेरीस, शिरूरकडच्या करडे गावात सावकारावर सामाजिक बहिष्कार टाकला गेला होता. सुप्यात हात उगारला गेला. तरी दंगेखोरांना हवे होते ते दागिने नव्हे, खून तर मुळीच नव्हेत. त्यांना हवी होती रोख्यांची कागदपत्रे, आणि ती त्यांनी जाळली. इंग्रज न्यायालयाच्या दृष्टीने हा कागद म्हणजे दोन स्वतंत्र, समान व्यक्तींनी राजीखुशीने केलेला करार. त्यातील एकाला लिहिता-वाचता येत नाही, हप्ता भरण्याची तारीख सरकारने ठरवलेली आहे, आणि दुसरा सावकार पाच कोसांत नाही, या गोष्टींना त्या कराराच्या कल्पनेत जागा नव्हती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्यानुसार न्यायालय कराराच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते पाहू लागले. कराराचे स्वातंत्र्य हा ज्या राजवटीचा वेदमंत्र, तिनेच त्याला अपवाद केला. त्याची कारणे कनवाळूपणाची होती असे आम्हाला वाटत नाही. शेतकरी बुडाला तर महसूल बुडतो, हे सरकारला समजले होते.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो या पार्श्वभूमीवर. आजही तो वाचताना आपण भटशाहीवरील टीकेवर थांबतो आणि त्यातील सरकारी खर्चाचा विचार नजरेआड करतो. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा गोऱ्या आणि काळ्या नोकरशाहीच्या पगारांवर कसा जातो, शिक्षणाच्या नावाने घेतलेला पट्टीचा पैसा कोणाच्या मुलांवर खर्च होतो, पाटबंधारे खात्याचे अधिकारी पाण्याचा दर घेतात पण पाणी पोहोचल्याची जबाबदारी घेत नाहीत, हे सारे त्यात आहे. कर कोण भरतो आणि खर्च कोणावर होतो, हा प्रश्न इतक्या रोखठोकपणे त्यापूर्वी मराठीत कोणी विचारलेला आम्हाला आढळत नाही.

पाटबंधाऱ्याचा विषय निघालाच आहे तर कोऱ्हाळ्याकडे वळू. कोऱ्हाळ्याचे आजचे रूप ज्या कालव्याने घडवले, तो नीरा डावा कालवा, १८७६ च्या दुष्काळी कामातून सुरू झाला. या दुष्काळात सरकारी धोरण काय होते हे पाहिले पाहिजे. व्हाइसरॉय लिटनचा आग्रह असा, की धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालायचा नाही. भाव चढले की व्यापारी आपोआप धान्य आणतील. सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी दक्षिणेत पाठवले गेले. हेच टेंपल दोनच वर्षांपूर्वी, १८७३-७४ मध्ये, बंगाल-बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशाचा तांदूळ मागवून लोकांना वाचवते झाले होते आणि त्याबद्दल त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला होता. या खेपेस त्यांनी तो ठपका पुसून काढला. दुष्काळी कामावरील मजुराचे रोजचे धान्य त्यांनी एका पौंडावर आणण्याची शिफारस केली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला अर्ध्या किलोहूनही कमी धान्य. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. ही हकिगत गणेश वासुदेव जोशी आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी अर्जांतून, पत्रांतून सरकारपुढे मांडत ठेवली. तो पत्रव्यवहार म्हणजे दुष्काळाच्या काळातले अर्थशास्त्रच होय.

येथे थांबून एक भेद करावा लागतो, कारण आमच्याच क्षेत्रात तो नेहमी पुसला जातो. 'इंग्रजांच्या मुक्त बाजारपेठेने दुष्काळात माणसे मारली' हे विधान अर्धे खरे आहे. धान्याच्या व्यापारात सरकार हात घालत नव्हते, हे खरे. पण शेतसारा सरकार ठरवत होते, मिठावर सरकारी कर होता, मजुरीचा दर सरकारने ठरवला होता, आणि मिळालेल्या महसुलातून सैन्याचा, अफगाण सरहद्दीचा खर्च चालला होता. ज्या ठिकाणी भाव वाढल्याने गरिबाचे नुकसान होते तेथे बाजार मोकळा, आणि ज्या ठिकाणी सरकारला घ्यायचे आहे तेथे मात्र दर पक्का. याला मुक्त अर्थव्यवस्था म्हणायचे तर त्या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सारखे लागू नाहीत असे सांगितले, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर हाच विरोधाभास असावा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात त्याची दुसरी बाजू दाखवली: दुष्काळ आणि प्लेगने गांजलेल्या देशाच्या तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो. मिठावरचा कर पुढच्याच वर्षी उतरला. रानडे सरकारने अधिक करावे म्हणतात, गोखले सरकारने कमी घ्यावे म्हणतात, आणि दोघांत आम्हाला विसंगती दिसत नाही.

असो. कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास वाहू लागले. भाटघरचे पहिले धरण १८९२ च्या सुमारास पूर्ण झाले. पाणी आले तरी घ्यायला कोणी पुढे येईना. पाऊस बरा झाला तर शेतकरी पाणीपट्टी कशाला भरेल? आणि अवर्षण पडले की सगळे एकदम पाणी मागत. इंग्रजांच्या हिशेबात कालवे दोन प्रकारचे: गुंतवलेल्या भांडवलावर व्याज मिळवून देणारे आणि नुसतेच दुष्काळापासून रक्षण करणारे. दख्खनचे कालवे दुसऱ्या वर्गात गेले. वरच्या भागातले शेतकरी उसाला हवे तेवढे पाणी घेत, जमिनी पाणथळ होत, आणि इंदापूरकडच्या शेपटाला कोरड पडे. पुण्याला कार्यकारी अभियंता असताना विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आखली. जमिनीचे गट पाडायचे, पाणी अनेक गावांत विभागायचे, आणि गटातल्या ठरावीक हिश्श्यातच ऊस घेऊ देऊन बाकीत फेरपालटाने कमी पाण्याची पिके घ्यायची. म्हणजे किंमत वाढवून मागणी आवरण्याऐवजी वाटप करून मागणी आवरायची. अर्थशास्त्रज्ञ याला शिधावाटप म्हणेल. ते तेव्हा उपयोगी पडले, हे नाकारता येत नाही. पण वाटप आले की वाटणारा आला, आणि पाटकऱ्यापासून मोजणीदारापर्यंतची साखळी त्याच्या मागोमाग आली.

मग साखर. १९३० पर्यंत नीरेच्या खोऱ्यात ऊस म्हणजे गूळ. दुकानातली पांढरी साखर बहुतेक जावा बेटावरून येई, आणि ती स्वस्त होती. १९३२ मध्ये साखर उद्योगाच्या संरक्षणाचा कायदा झाला, परदेशी साखरेवर जबर जकात बसली, आणि देशातल्या कारखान्यांची संख्या पाच वर्षांत तीसच्या आसपास होती ती सव्वाशेच्या पुढे गेली. इंदापूर तालुक्यात कळंबला वालचंद हिराचंद यांनी कारखाना काढला, तो याच लाटेवर. त्या गावाचे वालचंदनगर झाले. ही कथा नेहमी उद्यमशीलतेची म्हणून सांगितली जाते. वालचंदांची उद्यमशीलता वादातीत आहे. तरी सरकारच्या जकातीच्या आडोशाला, सरकारने खोदलेल्या कालव्याच्या पाण्यावर ते रोप वाढले, हेही तेवढेच खरे. साखर घेणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाने त्याची किंमत मोजली. तिची नोंद कोणत्याही चरित्रात होत नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरच्या नमुन्यावर सहकारी कारखाने उभे राहिले. कोऱ्हाळ्याच्या परिसरात करंजे येथील सोमेश्वराच्या नावाचा सोमेश्वर कारखाना, आणि पूर्वेला माळेगावचा. या कारखान्यांनी सावकार हटवला, शाळा-महाविद्यालये काढली, रस्ते केले. आमच्या पेशातील कितीतरी माणसे साखरेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थांत नोकरीला आहेत. तेव्हा सहकाराची टिंगल आम्हाला शोभणार नाही. पण कारखान्याच्या भांडवलात राज्य सरकारचा वाटा, कर्जाला सरकारची हमी, उसाची किमान किंमत केंद्राने ठरवलेली, साखरेचा ठरावीक हिस्सा लेव्ही म्हणून पडत्या भावाने सरकारने घ्यायचा, उरलेली खुल्या बाजारात केव्हा आणि किती विकायची तेही सरकारने सांगायचे. अंशतः नियंत्रणाची ही पद्धत १९६७ पासूनची. ती १९७८ मध्ये उठली, साखरेचे भाव गडगडले, आणि १९७९ च्या अखेरीस ती परत आली. पुढे १९८४ च्या आदेशाने महाराष्ट्रात झोनबंदी आली: अमुक गावाचा ऊस अमुकच कारखान्याला. सभासद हा नावाने मालक. आपला माल कोणाला विकायचा हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नाही. दोन कारखाने हाकेच्या अंतरावर असताना कोऱ्हाळ्यासारख्या गावातल्या माणसाला शेजारचा दर नुसता ऐकायचा होता.

याच काळात शरद जोशी उभे राहिले. साताऱ्यात १९३५ मध्ये जन्मलेला, टपाल खात्यात आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी केलेला हा माणूस परत आला, चाकणजवळ आंबेठाणला त्याने कोरडवाहू जमीन घेतली आणि खर्चाचा हिशेब ठेवू लागला. हिशेब जुळेना. शेतकरी संघटना १९७९ ची. १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक भागात कांदा आणि ऊस यांचे आंदोलन झाले. उसाला टनाला तीनशे रुपये ही मागणी होती. जोशींचे म्हणणे असे, की शेतकरी आळशी, अडाणी किंवा खर्चिक आहे म्हणून गरीब नाही. शहरांना स्वस्त धान्य आणि कारखान्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून सरकार त्याचे भाव पाडते आणि त्यासाठी निर्यातबंदी, आयात, लेव्ही, झोनबंदी ही हत्यारे वापरते. अनुदान मिळते असे म्हणतात, पण हिशेब मांडला तर ते उणे आहे. जागतिक व्यापार संघटनेकडे भारत सरकारने स्वतः दिलेल्या आकड्यांतही शेतीमालाच्या भावाचे संरक्षण उणेच निघाले, हा त्यांचा आवडता दाखला. डंकेल प्रस्तावाला देशभर डावे-उजवे सारे विरोध करत असताना जोशींनी त्याला उघड पाठिंबा दिला.

मराठी साहित्यव्यवहाराने या मांडणीचे काय केले? सभा गाजल्या, गाणी झाली, 'इंडिया' आणि 'भारत' हे शब्द घराघरांत गेले. परंतु समीक्षेने ती विचार म्हणून क्वचितच हाताळली. आमच्या मते त्याचे कारण कथानकात आहे. ग्रामीण कथेने खलनायक म्हणून सावकार, पाटील, क्वचित तलाठी उभा केला. ते चेहरे होते. निर्यातबंदीला चेहरा नसतो. दिल्लीतल्या एका अधिसूचनेने घर कसे मोडते हे कथेत आणायला वेगळी शक्ती लागते. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेत ती आहे. टोमॅटोचा भाव पडतो एवढीच घटना. खलनायक कोणीच नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' (२००२) मध्येही ती आहे. पण बागायती पट्ट्यातली, कारखान्याच्या सभासदाच्या घरातली अशी मोठी कादंबरी आम्ही अजून शोधतो आहोत.

जोशींच्या मांडणीत एक खरी अडचण आहे आणि ती कोऱ्हाळ्यातच सर्वांत स्पष्ट दिसते. आधी सरकारकडे रास्त भाव मागायचा आणि नंतर सरकारनेच बाजूला व्हावे म्हणायचे, यातली विसंगती टीकाकारांनी दाखवली आहे. तिला उत्तर देता येते, कारण सरकारने भाव पाडू नयेत हा धागा दोन्हींत आहे. पाण्याचा प्रश्न मात्र तितका सोपा नाही. उणे अनुदानाच्या हिशेबात कालवा कोणत्या बाजूला लिहायचा? भाटघर, वीर, कालवा, चाऱ्या हे सारे सार्वजनिक पैशाचे. पाणीपट्टी कित्येक दशके पीक आणि क्षेत्र पाहून, पाणी मोजून नव्हे. तालुक्याचा दक्षिण भाग हिरवा आणि उत्तरेकडचा, म्हणजे सुपे-मोरगावकडचा, जिरायती. जिरायतदाराच्या बाजरीचा भाव निर्यातबंदीने पडला तर त्याला उणे अनुदानच. उसाच्या शेतकऱ्याचा भाव पाडला जातो तोही अन्याय, पण त्याला पाणी बाजारभावाने मिळालेले नाही. खुल्या बाजाराचा आग्रह पाण्यापर्यंत नेला, तर पहिला धक्का आडसाली उसाला बसेल. संघटनेच्या साहित्यात या टोकापर्यंत जाणारे लेखन आम्हाला फारसे आढळले नाही. तसेच झोनबंदी उठावी म्हणणाऱ्यांना सहकारी कारखानदारांनी दिलेले उत्तरही फार लंगडे होते: ऊस पळवला गेला तर कारखाना बुडेल. दर चांगला असेल तर ऊस पळेल कशाला, हे कोणी सांगितले नाही.

झोनबंदी नव्वदच्या दशकात गेली. साखर कारखान्याला लागणारा औद्योगिक परवाना १९९८ मध्ये गेला. रंगराजन समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला आणि २०१३ मध्ये लेव्हीही गेली. आता गेटकेन, पळवापळवी, दोन शेजारी कारखान्यांच्या अंतिम दरांची तुलना या गोष्टी रोजच्या बोलण्यात आल्या आहेत. तरी बाजार खुला झाला असे म्हणण्याची घाई करू नये. नव्या कारखान्याला जुन्यापासून हवाई अंतराची अट आहे, आणि महाराष्ट्रात ती २५ किलोमीटर आहे. उसाची रास्त व किफायतशीर किंमत केंद्र ठरवते. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होती. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये एकाच आठवड्यात दोन आदेश निघाले: उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध, आणि कांद्याची निर्यात बंद. इथेनॉलसाठी कर्ज काढून आसवनी उभारलेल्या कारखान्यांचा हिशेब हंगामाच्या मध्यावर बदलला. कांद्याची बंदी मे २०२४ मध्ये, जकात आणि किमान निर्यात मूल्याच्या अटींसह उठली. ती जकात एप्रिल २०२५ पासून गेली. इथेनॉलवरील निर्बंध ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले गेले.

दरम्यान पाण्याच्या बाबतीत २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पाण्याचे हक्क ठरवावेत, घनमापनाने मोजून दर घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. कालव्याचे आवर्तन किती दिवसांचे आणि शेपटाला पाणी पोहोचले की नाही, यावरची भांडणे इंदापुरात तरीही दर उन्हाळ्यात होतात. सुप्याच्या जिरायती भागात उपसा योजनेचे पाणी जाते. कोऱ्हाळ्याला पाणी उताराने येते. तिकडे ते पंपाने चढवावे लागते आणि विजेचे बिल येते. ते कोणी भरायचे, शेतकऱ्याने की सरकारने, हा वाद चालू आहे.